उकंडाभाऊ, हळू वाचा

यवतमाळ, १४ नोव्हेंबर २००६

बाईले इंद्रजितचा जयभीम. घेशील तर घे, नाई तर कागद चुलीत घाल. पण घालायच्या आधी उकंडाभाऊले पुरा वाचू दे.

उकंडाभाऊ, तुमालेबी जयभीम. गावात धड वाचणारा अन् माह्या बहिणीच्या दारात जाणारा तुमच्यासारखा दुसरा कोणी ध्यानात आला नाई, म्हणून तुमच्या नावानं धाडून राह्यलो. एक अर्ज हाये. तुमी तीस वर्षं कोतवाली केली, दवंड्या देल्ल्या, तुमचा आवाज कसा हाये हे मले मालूम हाये. हे पत्र आंगणात बसून वाचू नका. घरात जा, दार लोटा, अन् हळू वाचा.

बाई, येत्या जानेवारीत नऊ वर्षं होतात. फोन लावला तर तुही सून उचलते अन् मांगून तू म्हणते, "घरी नाई म्हणून सांग." तुह्यं घर दोन खोल्यायचं. मले सगळं आयकू येते. म्हणून म्हटलं लिहावं. पत्राले घरी नाई म्हणून सांगता येत नाई.

तर माह्यं ऑपरेशन झालं. मार्चमधी, नागपूरले. पोटाचं होतं. तुले कोणी तरी सांगतलंच असन. तू आली नाई. मीबी वाट पाह्यली नाई, असं मी शीलाले म्हटलं. खोटं म्हटलं. वार्डाचं दार वाजलं का मी मान उचलून पाहत होतो.

आता बरा हाये. वजन थोडं उतरलं. अजून रजेवरच हाये. तीस वर्षं आरोग्य सेवक म्हणून सायकलीवर गावोगाव फिरलो, मलेरियासाठी लोकायच्या बोटाले सुई टोचली, संडास बांधा संडास बांधा म्हणून घसा कोरडा केला, अन् आता गल्लीच्या बाहेर जात नाई. जावंसं वाटत नाई, बस. खिडकीत बसतो. कापसाच्या गाड्यायची रांग खरेदीच्या यार्डापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते. चार-चार दिवस नंबर लागत नाई, लोक गाडीखालीच राह्यतात. सायेब लोकायच्या जीपा येतात, गाड्या मोजतात अन् जातात.

काल गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कृषी केंद्रातून फवारणीचा एक डबा आणला. दुकानदार म्हणे, "किती एकर हाये?" मी म्हटलं, घरात ढेकणं झाले.

काही मांगाले लिहिलं नाई. माफीबी मांगत नाई. त्या पोट्ट्याच्या बाबतीत तू चुकली होती अन् मी ग्रामसभेत बोललो ते थोडं जास्त बोललो, एवढंच म्हणतो. सहज लिहिलं.

तुहा इंद्रजित


यवतमाळ, २८ नोव्हेंबर

बाई,

तुह्यं काही आलं नाई. उकंडाभाऊचं कार्ड आलं, पंचनामा लिहावा तसं. "पत्र वाचून दाखविले. कांताबाई तूर निवडत होती. पत्र चुलीत घातले नाही, पत्र्याच्या डब्यात ठेवले." डब्यात ठेवलं एवढ्यानं मले जोर आला. म्हणून आता खरं लिहितो. उकंडाभाऊ, आता तर अजूनच हळू.

ते ऑपरेशन पोटाचं नव्हतं. बसायच्या जागेच्या आतला कॅन्सर होता. डॉक्टरनं आतडीचा तेवढा भाग कापला, वरचं खालच्याले जोडलं, अन् जोड भरून येईपर्यंत पोटाले भोक पाडून थैली लावली. सगळं त्या थैलीत. मले तिची इतकी किळस का मी शीलाले जवळ बसू देत नव्हतो. डॉक्टर म्हणे थोडं थांबा. मी थांबलो नाई. रोज फोन करकरून त्यायले भंडावून सोडलं अन् ऑगस्टमधी थैली काढून घेतली. गल्लीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं ते अजून चालूच हाये. दिवसाचे सतरा-अठरा डाव. जाऊन आलो, नाडी बांधली, का पुन्हा. कळ आली तर दहा पावलं चालाची फुरसत भेटत नाई. वारा हाये का दुसरं काही हे कळत नाई. चोपन वर्षाचा माणूस मी, शीलाच्या जुन्या लुगड्याच्या घड्या लावून बसतो. ताट समोर आलं का भेव वाटते, म्हणून दिवसा खातच नाई. नागपूरचे डॉक्टर म्हणे, या ऑपरेशनानंतर लय जणायले होते हे, साठवायची जागाच काढली ना. काहीकायचं वर्ष-दोन वर्षात बसते, काहीकायचं बसत नाई. सहनच होत नसन तर थैली पुन्हा लावू, आता कायमची. बारा फेब्रुवारी तारीख देल्ली हाये.

माय मेली तवा मी तीन वर्षाचा होतो, तू बाराची. माह्यं ढुंगण तूच धुतलं. म्हणून हे दुनियेत कोणाले सांगता येत असन तर तुलेच येते.

शीलाले अंगणवाडीतल्या एका बाईनं सांगतलं का बसस्टँडच्या मांगं एक केतकी मॅडम येतात, मंगळवारी अन् शनिवारी. डॉक्टर हायेत, वरून सुयायचा इलाज शिकल्या. मी म्हटलं, आरोग्य खात्याचा माणूस मी, अन् या वयात सुया टोचून घेऊ? शीला म्हणे, "अवो, जिंदगीभर लोकायले टोचलं ना? आता कायले भेता?"

मॅडमनं साफ सांगतलं. "काका, बरं होईलच असं मी म्हणणार नाही. काही लोकांना फरक पडतो, काहींना नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. मग दहा वेळा करून पाहू." नागपूरवाले फोनवर म्हणे करा, पण तकलीफीसाठी करा, कॅन्सरचा इलाज समजून करू नका.

पालथं झोपवलं. माकडहाडाच्या दोन्ही बाजूले, घोट्याच्या आतून, गुडघ्याच्या चार बोटं खाली, केसासारख्या बारीक सुया. कमरेच्या सुयायले वायर लावून एक छोटी मशीन चालू केली तर तिथलं मांस टकटक उडाले लागलं. मंग कायच्या तरी पाल्याची कांडी पेटवली अन् गुडघ्याखाली नुसती ऊब देल्ली, आंगाले न लावता. वास दवण्यासारखा होता. मी डोळे मिटले अन् मले तू दिसली. दिव्यावर सुई तापवून, बिब्ब्याच्या तेलात बुडवून, लोकायच्या गुडघ्याले टोचणारी तू. अख्खी पंचक्रोशी तुह्या दारात बसे. ती सुई मीच तुह्या हातून काढली. मले रडू आलं. मॅडमनं विचारलं, दुखलं का. मी हो म्हटलं.

इंद्रजित


यवतमाळ, १९ डिसेंबर

बाई,

सहा बैठकी झाल्या. अठराचे बारा झाले, एका दिवशी तर अकरा. शीला कॅलेंडरवर रेघा मारते. एका दुपारी कळ आली अन् मी मनात म्हटलं, थांब, अन् ते थांबलं. मी शीलाले आवाज देल्ला. ती कणकेच्या हातानं आली अन् आमी दोघंबी घड्याळाकडं पाहत बसलो. चाळीस मिनिटं. लग्नातबी एवढे खूश नव्हतो.

जोर आला का माणूस येड्यासारखा वागते. मले वाटलं, तुह्याकडं यावं. यवतमाळ ते घाटंजी दीड तास, पुढं तुह्या दारापर्यंत काळीपिवळी. आदल्या दिवसापासून उपाशी राह्यलो, गोळी खाल्ली, घड्या बांधल्या, अन् गुरुवारी सकाळची येष्टी धरली. दाराजवळची सीट भेटली. अर्धा रस्ता चांगला गेला. मी मनात घोकून राह्यलो होतो का तू दार उघडशीन तवा काय बोलू. मंग कळ आली. कंडक्टरले म्हटलं, थांबव. तो म्हणे, "दोन किलोमीटरवर स्टॉप हाये काका, तिथं उतरा." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाई. म्हणाची गरज राह्यली नाई. बाजूची बाई नाकाले पदर लावून उठली. मंग कंडक्टरनं आपल्याच मनानं दोरी ओढली.

मी एका पुलाजवळ उतरलो. बाजूच्या वावरात आठ-दहा बाया कापूस येचत होत्या. पऱ्हाटी यंदा कमरेएवढीबी नाई, लपाले जागा कुठची. तसाच बसलो. आता सगळ्या हासतीन म्हटलं. त्यातली एक म्हातारी माह्याकडं पाठ करून, उलटी चालत आली, बाई. उलटी. प्यायच्या पाण्याची कळशी अन् कापूस बांधायचं एक फडकं माह्या मांगं ठेवलं अन् तशीच गेली. बाकीच्यायले म्हणे, "तिकडं तोंडं करा गं, तिकडची बोंडं काय सरली?" कोणी हासलं नाई. तिचं नाव विचाराची मले हिंमत झाली नाई. हासली असती तर बरं झालं असतं, असंबी वाटलं.

एका रिकाम्या ट्रकच्या मांगं बसून परत आलो.

आता ते ढेकणाचं. आमच्या घरी ढेकणं नाईत. तुले तवाच कळलं असन, शेत नसलेला माणूस फवारणीचा डबा कायले आणते. पुलावरून परत आलो त्या दिवशी आंग धुतलं, धुतलेले कपडे घातले अन् डबा घेऊन मांगच्या खोलीत बसलो. दोन-तीन वर्षांपासून ज्या घरात शेतकऱ्यानं असाच डबा पेला, त्या घरात मले ड्युटीवर धाडतात, नावं लिहाले. मी लिहिले. त्या घरातल्या बायायच्या तोंडाकडं एकडाव पाह्यलं नाई. त्या दिवशी त्या सगळ्या माह्यासमोर येऊन बसल्या. तेवढ्यात शीलानं दार वाजवलं. म्हणे, "अवो, मी दाराशीच बसून हावो. कितीबी येळ लागू द्या." तिले वाटलं माह्यं पोट हाये, का तिले सगळं मालूम होतं, हे मले अजून विचारता आलं नाई. मी दार उघडलं अन् डबा तिच्या हाती देल्ला. तिनं तो कुठं नेला ते सांगत नाई. तवापासून ती अंगणवाडीत गेली का शेजारच्या दोघी आलटूनपालटून माह्या घरी गहू निवडाले येतात. इतके गहू आमच्या घरी नाईतच.

उकंडाभाऊ, एवढं वाचून झाल्यावर लगेच उठू नका. बाईजवळ थोडं बसा.

इंद्रजित


यवतमाळ, ९ जानेवारी २००७

बाई,

मी माती खाल्ली.

येष्टीतल्या त्या दिवसानंतर गाडी अकरा-बारावरच अडकली. मॅडम म्हणे धीर धरा. त्यायनं घरी ऊब द्यायले ती कांडी देल्ली होती, ती सरली. बारा फेब्रुवारी तर जवळ येऊन राह्यली. मी विचार केला, आंगाले न लावता नुसत्या ऊबेनं एवढा फरक पडला, तर लावल्यावर किती पडन? मंगळवारच्या बाजारातून बिब्बे आणवले. गहू निवडणाऱ्या बाईले म्हटलं जरा चहा मांड, अन् ती आत गेल्यावर शीलाच्या पेटीतली सुई काढली, दिव्यावर धरली, बिब्ब्यात बुडवली, अन् मॅडमनं दाखवलेल्या जागा शोधशोधून टोचलं. दोन्ही गुडघ्याखाली, दोन्ही घोट्याले. जाग्याजाग्यावर "बिब्बा अन् डागणी बंद करा" असं गेरूनं भिंतीवर लिहिणारा मी. तुह्याच घराच्या मांगच्या भिंतीवर लिहिलं होतं ना मी ते? अजून दिसत असन.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. दोन्ही पाय मांडीपर्यंत सुजले, फोडं आले, पाणी सुटलं, खाजवता खाजवता मी भिंतीले पाय घासले. अन् त्याच पायानं दिवसातून बारा डाव उठायचं. शीला माह्यासंग दोन दिवस बोलली नाई. मॅडमनं पाह्यलं अन् एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही आरोग्य खात्यातले ना?" या पायात सुई जाणार नाई म्हणे, महिनाभर तरी. आता राह्यलेल्या बैठकी बारा तारखेच्या आत कशा होतीन? थैली लागन तर लागन, पण तुह्या दारात मले स्वतःच्या पायानं अन् कोरड्या कपड्यानं याचं होतं. तेवढंच मांगणं होतं. तेबी मी आपल्याच हातानं घालवलं.

पाय वर करून पडून राह्यलो तवा याद आलं. तू कोणाले एकदम बिब्बा घालत नव्हती. अंगठ्याच्या मांगं एक ठिपका लावायची अन् म्हणायची, तीन दिवसानं ये. उतला त्याले पुन्हा हात लावत नव्हती. अन् मले तू कधीच घातला नाई. पाय मुरगळला तरी नाई, हात सुजला तरी नाई. मी रडायचो, सगळ्यायले घालते, मलेच काहून नाई. लहानपणी मले उतला होता, नाई का? तुह्या ध्यानात होतं. माह्या ध्यानात नव्हतं.

आता जे लिहितो ते शीलालेबी मालूम नाई. उकंडाभाऊ, दार लावलं ना?

पोलीस पाटलाचा तो नातू पाच महिन्याचा होता. त्याच्या पोटात डबा झाला होता, म्हणजे न्यूमोनिया, छातीचा भाता चालू होता. मी पोचलो तवा येळ निंघून गेली होती. त्याच्या पोटावर चार आडव्या रेघा होत्या. लांब, वाकड्या. तापवलेल्या काकणाच्या. तुही सुई ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका सोडते. मी तुह्या मांडीवर बसून हजार डाव पाह्यला तो ठिपका. पाटलाची माय, वच्छलाबाई, चुलीजवळ बसली होती अन् तिच्या एका हातात काकण नव्हतं. मी ते पाह्यलं. पाटलानं मले पाहताना पाह्यलं.

पोट्टं गेलं. यवतमाळहून सायेब आला, म्हणे डागलं कोणी, नाव द्या. पाटील माह्या बाजूलेच उभा होता. माही बदली, माही नोकरी, त्याच्याच गावातली माह्या बहिणीची झोपडी, सगळं माह्या डोक्यात फिरलं. गावात सुई धरणारी म्हणून तुह्यं नाव सगळ्यायले मालूम होतं. मी तेच देल्लं.

पयल्या पत्रात मी लिहिलं का तू चुकली होती. तू चुकली नव्हती. तू त्या पोट्ट्याले हातबी लावला नव्हता.

इंद्रजित


यवतमाळ, २० जानेवारी

बाई,

उकंडाभाऊचं कार्ड आलं. "पत्र वाचून दाखविले. कांताबाई म्हणाली, मले मालूम होतं. उठून बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत परत आली नाही."

मले मालूम होतं. एवढंच. म्हणजे नऊ वर्षांआधी ग्रामसभेत तुले उभं केलं, हात वर करून बोल म्हटलं, मी पुन्हा सुई धरणार नाई, तवा तू माह्याकडं पाह्यलं ते याच्यासाठी. मले वाटलं तू रागानं पाहून राह्यली. तू वाट पाहून राह्यली होती का मी आता तरी तोंड उघडीन. मी सायेबाच्या कागदावर सही केली. तुह्या दारात लोक याचे बंद झाले. आपल्या वस्तीतल्या बायाबी पोट्टे घेऊन तुह्या आंगणातून जात नव्हत्या, हे मले शीलानं सांगतलं होतं. मी म्हटलं, जनजागृती झाली.

म्हणून उकंडाभाऊ, आता उलटा अर्ज. ती ग्रामसभा सव्वीस जानेवारीची होती. हीबी सव्वीस जानेवारी येऊन राह्यली. झेंडा झाल्यावर ग्रामसभा बसन. तुमी उभे राहा अन् हे माह्यं पत्र वाचा. घरात नाई, दार लोटून नाई. दवंडी देता त्या आवाजानं वाचा.

गावातल्या लोकायले इंद्रजितचा जयभीम अन् रामराम.

कांताबाईनं कोणाचं पोट्टं डागलं नाई. मी आरोग्य सेवक होतो, मी रेघा पाह्यल्या होत्या, अन् मी जाणूनबुजून खोटं नाव देल्लं. काकण वच्छलाबाईचं होतं. ती वारली, आता तिचं नाव घ्याले जोर लागत नाई, हे मले समजते. ती जित्ती असताना घेतलं असतं तर मी माणूस. तिनंबी ते पोट्टं वाचवालेच केलं होतं. माह्याजवळ तर तसंबी कारण नव्हतं. मले नोकरी वाचवाची होती.

हे आता काहून सांगून राह्यलो, असं तुमी म्हणसान. माह्या आतडीचं ऑपरेशन झालं. मी दिवसातून बारा डाव संडासात जातो. कपडे खराब करतो. येष्टीत केले, सगळ्यायसमोर. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे पुन्हा कोणी म्हणणार नाई का इंद्रजित मोठेपणा मिरवाले बोलला. हासाचं तर हासा. बाई नऊ वर्षं खाली मान घालून तुमच्यातून गेली, मी चार घटका हासणं सोसीन.

उकंडाभाऊ, इथपर्यंत मोठ्यानं. खालचं बाईसाठी.

बाई, पायाचे फोडं वाळून राह्यले. मॅडमनं कमरेच्या सुया चालू केल्या, तिथली चामडी चांगली हाये म्हणे. काल नऊ डाव झाले. उद्या पुन्हा बारा होतीन. बारा तारखेले जाऊ का नको, कायमची थैली लावू का असंच राहू, मले काही सुचत नाई. शीला म्हणते तुमचं आंग, तुमी ठरवा. मले कोणी तरी ठरवून द्यावं असं वाटते, लहानपणी तू ठरवत होती तसं. त्याच्या आधी एकडाव तुह्याकडं याचं होतं. पण दीड तास मी कुठून आणू? अन् तुह्या घरी आलो तरी बसू कुठं? तुह्या दारामांगचा संडास मीच मांगं लागून बांधून घेतला होता, तूच त्यात जळतन भरलं. "त्यानं बांधला, त्यातच जाऊन बस म्हणा त्याले," असं तू म्हटल्याचं मले आयकू आलं होतं.

राग नाई. काय म्हणून असन.

इंद्रजित


मु. पो. खडकतांडा, ता. घाटंजी
२८ जानेवारी २००७

इंद्रजितभाऊ यांस उकंडा कोतवालाचा जयभीम.

तुमच्या सांगण्याप्रमाणे झेंडावंदनानंतर ग्रामसभेत पत्र मोठ्याने वाचले. सभेला अंदाजे सत्तर माणसे हजर. वच्छलाबाईचे नाव आले तेव्हा पाटील उठून गेले. सरपंच म्हणाले, बस झाले, खाली बसा. मी थांबलो. कांताबाई मागे बायांत बसली होती. ती म्हणाली, "वाच." मी वाचले. संडासाचे आले तेव्हा काही पोरे हसली. कांताबाईने मागे वळून पाहिले. मग हसले नाहीत.

खालचे, तिच्यासाठीचे, घरी जाऊन वाचले. तुम्ही म्हटले नव्हते तरी हळू वाचले. तिने पुन्हा वाचायला लावले. मी घरी गेलो.

काल सकाळी सात वाजता तिच्याकडून आवाज आला म्हणून जाऊन पाहिले. कांताबाई संडासातल्या पऱ्हाट्या अन् तुराट्या बाहेर काढत होती. म्हातारपणी कशाला करते, सून करील, म्हटले तर म्हणाली, "तू तुहं काम कर." दुपारपर्यंत सगळे जळतन आंगणात आले. आत विंचू निघाला, तो मारला. भांडे घासले. फरशी राखेने घासली. ड्रम आणून दाराशी ठेवला, हापशीवरून आठ खेपा करून भरला, टमरेल ठेवले.

आज मला म्हणाली, लिही. सांगितले तसे लिहितो.

"त्याले म्हणाव, दीड तास एकदम कायले येते. पुलाजवळ उतर, तिथं बस, मंग दुसरी येष्टी धर. तिथून पुढच्या स्टॉपवर उतर. दिवस लागला तर दिवस लागू दे. शीलाले संग आण. फोडायले खोबरं अन् तीळ वाटून लाव, खाजवू नको. थैलीचं इथं बसून पाहू."

एवढे सांगून ती आत गेली. मी कागद मिटत होतो तर परत आली. म्हणाली, हेही लिही.

संडासाले कडी नव्हती. सुताराले बोलावून आज लावून घेतली. आतून.